ओएई पास झाली, मग बेरा कशाला?

पत्र: माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे कराडला झालं. बाळ पाच आठवडे आधी आलं. तिसऱ्या दिवशी कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं, नऊ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं. घरी सोडताना कानांची ओएई तपासणी केली. दोन्ही कान पास, कागद माझ्याजवळ जपून ठेवलाय. आता नातू अडीच महिन्यांचा झाला, तर बालरोगतज्ज्ञ म्हणतात बेरा करून घ्या. शेजारच्या बाई सांगतात की त्यासाठी झोपेचं औषध पाजतात, आणि हा सगळा डॉक्टरांचा धंदा आहे. मी रोज त्याच्यामागे परात वाजवून बघते, चांगला दचकतो. जावई पुण्याहून रोज फोन करून विचारतात, तारीख घेतली का. लेक माझ्या तोंडाकडे बघते. पास झालेल्या मुलाची पुन्हा परीक्षा कशाला? चार-सहा महिने थांबलं तर चालणार नाही का? शिवाय बारशाला कान टोचायचे राहिलेत. ते आता टोचू का?
– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका

नमस्कार बाई,

तारीख घ्या, आणि लवकरची घ्या. जावयांचं बरोबर आहे. तुमची शंकाही रास्त आहे. ‘पास’ लिहिलेला कागद हातात दिल्यावर पुन्हा का बोलावतात, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. बाळाला घरी सोडायच्या गडबडीत ते बहुतेक ठिकाणी राहून जातं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओएई म्हणजे स्वस्तातली तपासणी आणि बेरा म्हणजे तीच महागातली, असं नाही. दोन्ही तपासण्या ऐकण्याच्या वाटेवरच्या वेगवेगळ्या जागा बघतात. आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर येतो, पडद्यामागच्या तीन इवल्याशा हाडांमधून आतल्या कानात, कॉक्लियात शिरतो. कॉक्लियात केसपेशींच्या रांगा असतात, बाहेरच्या पेशींच्या तीन आणि आतल्या पेशींची एक. बाहेरच्या पेशी बारीक आवाज वाढवून देतात, आतल्या पेशी तो नसेच्या हवाली करतात, आणि नस तो मेंदूच्या बुंध्यात पोचवते. ओएई बाहेरच्या केसपेशींपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. पुढे नसेत काय चाललंय, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. ते बेरा सांगते: आवाज आल्यावर नस आणि मेंदूचा बुंधा जो विजेचा प्रतिसाद देतात, तो ती मोजते.

तिथवर तरी ती कशी जाते, तेही मोठं गमतीचं आहे. आवाज वाढवताना या बाहेरच्या पेशी स्वतः आखडतात आणि लांबतात, आणि त्या हालचालीतून एक अतिशय क्षीण आवाज उलट्या वाटेनं कानाबाहेर येतो. म्हणजे निरोगी कान ऐकता ऐकता स्वतःही आवाज करतो! थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञानं १९४८ सालीच असं काहीतरी असणार म्हणून मांडलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी तो आवाज प्रत्यक्ष मोजून दाखवला. तुमच्या नातवाच्या कानात जो मऊ बोंडूक घातला होता, त्यात एक बारीक स्पीकर होता आणि एक बारीक माइक. स्पीकरनं आवाज दिला, माइकनं उलट आलेला आवाज टिपला, मशीननं ‘पास’ लिहिलं. दोन-चार मिनिटांचं काम. बाळ शांत असलं की झालं. सरसकट सगळ्या बाळांची पहिली चाळणी म्हणून ही तपासणी उत्तमच आहे.

पण तुमचा नातू ‘सरसकट’मध्ये बसत नाही. त्याचं कारण कावीळ.

काविळीत रक्तात वाढतं ते बिलिरुबिन. बहुतेक बाळांना थोडी कावीळ होते, दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं की उतरते, आणि तिचा कानाशी काही संबंध येत नाही. मात्र रक्त बदलायची वेळ येते तेव्हा पातळी फार चढलेली असते. इतकं बिलिरुबिन मेंदूत उतरू शकतं, आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर अधिक सहज उतरतं. तिथे त्याची पहिली झळ ज्या भागांना बसते त्यांत श्रवणाची नस आणि मेंदूच्या बुंध्यातली श्रवणाची केंद्रं येतात. केसपेशी मात्र बहुधा शाबूत राहतात. आता तुमच्या हातातला कागद पुन्हा वाचा. ओएईनं शाबूत केसपेशी पाहिल्या आणि ‘पास’ म्हटलं. ती खोटं बोलली नाही. जिथे दुखापत होण्याचा संभव होता, त्या जागेकडे तिनं पाहिलंच नाही.

अशा नसेत बिघाड असला तर नेमकं काय होतं? तुमच्या वर्गातली चाळीस मुलं बाराचा पाढा म्हणतायत असं समजा. एका सुरात म्हणाली तर बाहेर व्हरांड्यातही प्रत्येक आकडा कळतो. तीच चाळीस मुलं, तोच पाढा, पण जो तो आपापल्या वेगानं म्हणू लागला तर गोंगाट तेवढाच, पण पाढा काही कळत नाही. नसेतल्या हजारो तंतूंनी एकाच क्षणी संदेश सोडावा लागतो. तो ताल बिघडला की बाळाला आवाज आल्याचं कळतं, शब्द मात्र विरघळून जातात. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. यात ओएई बिनदिक्कत पास होते, आणि बेरा तो दोष लगेच पकडते, कारण बेरा मोजते तो हाच ताल. अमेरिकेतली बालश्रवणाची संयुक्त समिती १९६९ पासून या विषयातले नियम ठरवत आली आहे. एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची पहिली चाळणीसुद्धा बेराच्या पद्धतीनंच करा, नुसत्या ओएईवर सोडू नका, असं तिचं सांगणं आहे. रक्त बदलावं लागलेली कावीळ तिच्या जोखमीच्या यादीत वेगळी नोंदवलेली आहे. तुमचा नातू दोन्हीकडे मोडतो. तेव्हा तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी धंदा केला नाही, काम केलं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ओएईचा कागद देऊन विषय मिटवतात. त्यांनी तो मिटवला नाही, याबद्दल मी तर त्यांना दुवा देईन.

आता झोपेच्या औषधाची गोष्ट, कारण तुमचं पाऊल अडलंय ते तिथेच असं मला वाटतं.

बेरात बाळाला काहीही टोचत नाहीत आणि वीजही देत नाहीत. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात. ते फक्त ऐकतात, देत काही नाहीत. चिकटवण्याआधी तेवढीशी त्वचा खरखरीत पेस्टनं पुसतात, तिथे थोडा लालसरपणा येतो, तो संध्याकाळपर्यंत जातो. मग कानात मऊ फोमच्या नळीतून टिकटिक असा आवाज सोडतात, एकदा नव्हे, हजारो वेळा. दर टिकटिकीनंतर पहिल्या दहा-पंधरा मिलिसेकंदांत नस आणि मेंदूचा बुंधा जो विजेचा प्रतिसाद देतात, तो एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असतो. हजारो प्रतिसादांची सरासरी काढली की पडद्यावर लाटा उमटतात. पाचवी लाट महत्त्वाची. आवाज पायरीपायरीनं कमी करत जायचं आणि ती पाचवी लाट कुठवर तग धरते ते पाहायचं. जिथे ती मावळते, त्याच्या आसपास बाळाच्या ऐकण्याची सीमा धरतात. दोन कान, वेगवेगळ्या पायऱ्या, खात्रीसाठी प्रत्येक पायरी दोनदा. म्हणून तासभर सहज जातो, कधी दीड.

इतक्या क्षीण विजेपुढे बाळाच्या एका चुळबुळीची, चोखण्याची, रडण्याची वीज प्रचंड असते. म्हणून बाळ झोपलेलं हवं. झोपेचं औषध हवं असं नाही, झोप हवी. आणि इथेच तुमच्या थांबण्याच्या विचारात मेख आहे, बाई. तीन महिन्यांच्या आतलं बाळ पोटभर दूध प्यायलं की आपणहून गाढ झोपतं, आणि बहुतेक वेळा त्याच झोपेत बेरा उरकते. सहा-सात महिन्यांचं बाळ दिवसा सावध झोपतं, अनोळखी खोलीत झोपायचं नाव घेत नाही. मग औषधाची वेळ येते. ज्या औषधाला तुम्ही भिताय, ते टाळायचं असेल तर आत्ताच जायला हवं. चार महिने थांबलात तर ते औषध लागण्याची शक्यता फार वाढेल.

त्यासाठी थोडी युक्ती लागते. तारीख घेताना केंद्राला सांगा की आम्ही नैसर्गिक झोपेत प्रयत्न करणार आहोत, सकाळची पहिली वेळ द्या. त्या दिवशी बाळाला नेहमीपेक्षा लवकर उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका. हे सगळ्यात अवघड. गाडी सुरू झाली की बाळं टपकन झोपतात आणि केंद्राच्या दारात टक्क जागी होतात. लेकीला मागच्या सीटवर बाळाशी बोलत बसायला सांगा. अंगावर पाजणं केंद्रात पोचून, इलेक्ट्रोड चिकटवून झाल्यावरच. त्याचं रोजचं दुपटं बरोबर न्या. आणि आदल्या रात्रीपासून डोक्याला, कपाळाला, कानांमागे तेल नको. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना हे दोनदा बजावा. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. (कानात तेलाचे थेंब सोडत असतील तर ते मात्र कायमचं बंद करा. त्याचा उपयोग शून्य.)

इतकं करूनही नाहीच झोपला तर पुन्हा दुसरी तारीख घ्या. हट्टानं त्याच दिवशी उरकायची गरज नसते. औषधाची वेळ आलीच तर ते बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं, वजनाप्रमाणे मोजून, केंद्रातच, बाळावर लक्ष ठेवायला माणूस असताना द्यायचं. घरून पाजून निघायचं नाही, कुणीही सांगितलं तरी. दिवस न भरलेल्या बाळाच्या बाबतीत तर नाहीच नाही.

आता तुमची परात. मी हसणार नाही, कारण याच वाटेनं मोठमोठी माणसं गेली आहेत. मँचेस्टरचे एविंग पतिपत्नी, आयरीन आणि अलेक्झांडर, यांनी १९४४ साली नेमकी अशीच पद्धत शास्त्रशुद्ध करून मांडली. सात-आठ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर, समोर एक जण त्याचं लक्ष गुंतवणारा, आणि मागून दुसरा बाळाला दिसणार नाही अशा बेतानं खुळखुळा किंवा तत्सम आवाज करणारा. बाळ वळलं की ऐकलं. ब्रिटनमध्ये आरोग्यसेविका कित्येक दशकं घरोघरच्या बाळांची हीच तपासणी करत होत्या. अमेरिकेत डेन्व्हरला मॅरियन डाऊन्स यांनी १९६०च्या दशकात हजारो नवजात बाळांना आवाज ऐकवून त्यांच्या दचकण्याच्या नोंदी केल्या. निष्कर्ष काय निघाला? पाहणाऱ्या दोघांचं एकाच बाळाबद्दल एकमत होईना. ऐकणारी बाळं झोपेत ढिम्म राहत आणि न ऐकणारी योगायोगानं हलत. वर ज्या समितीचं नाव घेतलं, ती निघाली मुळात डाऊन्स यांच्याच आग्रहातून. आणि तिनं सुरुवातीलाच सांगितलं की नुसत्या दचकण्यावर सरसकट चाळणी करू नका, ती फसवते.

परात तर आणखी फसवते. ती वाजते कानठळ्या बसवण्याइतकी मोठ्यानं. आपलं साधं बोलणं साठेक डेसिबलचं, कुजबुज तीसेक. ज्या बाळाला साठ-सत्तर डेसिबलखालचं काहीच ऐकू येत नाही, ते परातीला दचकेल आणि तुमची अंगाई त्याला कळणारही नाही. शिवाय हात उगारला की वारा लागतो, सावली हलते, पलंगाला हादरा बसतो. या सगळ्याला बाळ दचकतं. तेव्हा परात आता पिठासाठीच ठेवा. त्या आवाजानं बाळाच्या कानालाही काही सुख नाही.

निरीक्षण मात्र सोडू नका. चाळीस पोरांवर नजर ठेवलेल्या बाईंची नजर मला हवी आहे, फक्त बारीक आवाजांसाठी. लेक दाराआडून, बाळाला न दिसता, हळू आवाजात बोलली तर त्याचं चोखणं क्षणभर थांबतं का? रडताना नुसत्या आवाजानं, न उचलता, शांत होतो का? चौथ्या-पाचव्या महिन्यात आवाजाच्या दिशेनं डोळे, मग मान वळते का? नसेच्या दोषात एक खूण दिसते. बाळ आज चांगला प्रतिसाद देतं, उद्या काहीच नाही, शांत घरात देतं, पाहुण्यांच्या गलक्यात अजिबात नाही. तारीख घालून वहीत लिहून ठेवा. एक सावधगिरी: हुंकार आणि आ-ऊ यांवर भरवसा ठेवू नका. ठार बहिरी बाळंसुद्धा पहिले काही महिने हुंकारतात. फरक दिसू लागतो तो सात-आठ महिन्यांनंतर, ‘बाबाबा’, ‘दादादा’ यायला हवं तेव्हा. आणि तोवर मोलाचे महिने गेलेले असतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा जगभरचा दंडक आहे. सहा महिन्यांच्या आत मदत मिळालेल्या मुलांची भाषा पुढे पुष्कळ बरी फुलते, हे कोलोरॅडोतल्या १९९८च्या अभ्यासानं दाखवलं आणि नंतर इतरांनाही तेच दिसलं. ‘आमच्यात सगळे उशिराच बोलतात’ या वाक्यानं महाराष्ट्रात किती मुलांची दोन-दोन वर्षं घालवली असतील!

केंद्रात जाताना एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड न्या. त्यातले दोन तपशील श्रवणतज्ज्ञांना, म्हणजे ऑडिओलॉजिस्टना, दाखवा: बिलिरुबिनचा सर्वांत चढता आकडा, आणि कुठली अँटिबायोटिक किती दिवस दिली ते. जेंटामायसिन किंवा अमिकासिन लिहिलेलं असेल तर तेही महत्त्वाचं, कारण ही औषधं उलट केसपेशींनाच इजा करू शकतात, कधी कधी उशिरानं. बाळ पाच आठवडे आधी आलंय हे आवर्जून सांगा. तपासणीच्या हिशेबानं ते आज अडीच नव्हे, साधारण सव्वा-दीड महिन्याचं आहे, आणि या वयात लाटा जरा सावकाशच येतात. नुसतं ‘पास’ किंवा ‘रेफर’ (म्हणजे पुढे तपासा) सांगणारी छोटी बेरा नको, सीमा काढणारी पूर्ण बेरा हवी, असं विचारून घ्या. टिकटिकीची दिशा (पोलॅरिटी) उलटसुलट करून दोन्ही नोंदी घेणार ना, हेही विचारा. ऑडिटरी न्यूरोपॅथी पडताळायची ती रीत आहे, आणि जाणत्या ऑडिओलॉजिस्टला तुमचा प्रश्न ऐकून आनंदच होईल. त्याच वेळी ओएई पुन्हा करतील, पडद्यामागे पाणी नाही ना हे पाहायला टिम्पॅनोमेट्री करतील. लहान बाळाला त्यात १००० हर्ट्‌झचा सूर लावतात, मोठ्यांचा २२६चा नाही.

खर्चाचं म्हणाल तर खासगीतच जायला हवं असं नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात पुष्कळ ठिकाणी बेरा होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि श्रवणदोष त्याच्या यादीत आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. मुंबईला वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचं तर हेच काम.

निकाल चांगला आला तरी एक तपासणी शिल्लक राहील. सहा-सात महिन्यांचा झाला की त्याला लेकीच्या मांडीवर बसवून बाजूच्या स्पीकरमधून आवाज देतील, आणि तो वळला की त्या बाजूचं खेळणं उजळून नाचायला लागेल. बाळं हा खेळ दोन-चार वेळांत शिकतात आणि मग बारीकशा आवाजालाही मान वळवतात. इथे बाळ खरंच किती ऐकतं ते कळतं. बेरा नसेचं सांगते, बाळाचं स्वतःचं मत यातच मिळतं.

आणि लाटा नीट दिसल्या नाहीत तर त्या कागदावर लगेच छाती दडपून घेऊ नका. काविळीतून उठलेल्या बाळांत काहींच्या लाटा पुढच्या महिन्यांत सुधारतात, म्हणून बेरा पुन्हा करतात. शिवाय ऑडिटरी न्यूरोपॅथीत बेरावरून बाळ किती ऐकतं याचा अंदाज बांधता येत नाही. एकही लाट नसलेली काही मुलं बऱ्यापैकी ऐकतात. त्यामुळे श्रवणयंत्र किती ताकदीचं लावायचं, लावायचं की नाही, पुढे कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं यंत्र) लागेल का, हे त्या खेळण्याच्या तपासणीवर आणि तुमच्या वहीवर ठरतं. तेव्हा पुन्हा लिहा, सगळे कागद समोर घेऊन बोलू.

राहिले कान टोचायचे. टोचल्यानं ऐकण्यावर काही परिणाम होत नाही, हौस जरूर करा. फक्त बेरा झाल्यावर करा. ताज्या टोचलेल्या पाळीला हात लागला की बाळ जागं होतं, आणि इलेक्ट्रोड चिकटवायचे आहेत ते नेमके तिथेच, कानाच्या मागे.